घरी भुंकणाऱ्या पेट्या

“…अठरा जोड्या आहेत माझ्याकडं, चाचा. अठरा! कोल्हापूरपासून बेळगावपर्यंत असा जुना विलायती माल दुसऱ्या कुणाच्या घरात असेल तर दाखवा. आणि त्यातली एक जोडी जरी माझ्या घरात धड वाजत असेल, तर हे दोन्ही कान कापून देतो. का वाजत नाहीत? एवढंच सांगा!”

दस्तगीरचाचा एका फाटक्या स्पीकरच्या कागदाला डिंक लावत होते, आणि डिंक लावताना ते कुणाशीच बोलत नसत.

विचारणारे होते जिनेंद्र चौगुले. सांगलीच्या पेठेतले हळदीचे व्यापारी. हळकुंड मोडून, नुसतं नाकाशी धरून, ते कुठल्या गावच्या रानातलं हे सांगणारा माणूस. एवढं नाक असल्यावर कानही असणारच, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं.

चार वर्षांपूर्वी मिरजेच्या या दुकानात त्यांनी जुन्या स्पीकरच्या पेट्यांवर एक गाणं ऐकलं आणि तिथंच अडकले. तेव्हापासून दर रविवारी सकाळी येऊन स्टुलावर बसायचे. सगळ्यांना सांगायचे, मी चाचांचा शिष्य. चाचांनी त्यांना कधी शिष्य केलं नव्हतं. नको असंही म्हटलं नव्हतं. स्टूल तसंही रिकामंच असायचं.

चाचा अठ्ठ्याहत्तरचे. शिक्षण चौथी, तेही दोन वर्षं लावून. स्पीकरचे फाटलेले कागद बदलण्यात हयात गेली. देवळाचा भोंगा आणि मशिदीचा भोंगा त्यांच्याकडं एकाच फळीवर शेजारी शेजारी पडलेले असत, आणि निदान तिथं तरी त्यांचं भांडण नसे.

“चाचा, मी बोलतोय.”

“ऐकतोय की, अण्णा. तुमचा आवाज कुठंबी धड वाजतो.”

चौगुल्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आज त्यांना थट्टा नको होती. बाहेर गाडीत अठरावी जोडी होती. मागच्या सीटवर, दोन्ही पेट्यांना पट्टा बांधून. त्यांच्या पत्नी त्रिशलावहिनी त्या सीटवर बसत तेव्हा पट्ट्याची आठवण चौगुल्यांना कधी झाली नव्हती, पण ते असो.

जुन्या पेटीत एवढं काय असतं? ज्याला ते वेड लागलेलं नाही त्याला सांगून उपयोग नाही. तरी ऐका. सागवानी लाकूड, कडांवर हात फिरून फिरून गुळगुळीत झालेलं. समोरचं कापड उकळलेल्या चहाच्या रंगाचं. पाठीमागं पेन्सिलीनं लिहिलेलं कुणा परक्या मुलखातल्या माणसाचं नाव, तो माणूस कधीच गेलेला. आत कागद, पापडाइतका पातळ, साठ वर्षं थरथरलेला आणि तरी न फाटलेला. त्याला बोट लावायचं तर बोटच आधी अदबीनं वागायला लागतं. आणि गाणारी बाई पहिला सूर लावायच्या आधी जो श्वास घेते ना, तो ऐकू येतो.

एवढं खरंच आहे. बाकी थोडं असंही आहे, की अशी पेटी शेजाऱ्याकडं नसते. हे चौगुले चाचांना कधी बोलले नव्हते. चाचांना सांगायची गरजही नव्हती.

“आणा आत,” चाचा म्हणाले.

दोघांनी मिळून पेट्या आणल्या. दुकानात आधीच पाय ठेवायला जागा नव्हती. कापडाचे तागे, कापसाची पोती, गोणपाटं, जुन्या गोधड्यांचा ढीग, चाचांची बाज आणि बाजेवर मांजर. चाचांनी तारा जोडल्या. तबकडी फिरली. एक बाई भैरवी गायला लागली.

दोन पेट्यांच्या मधोमध, मांजराच्या थोडं वर, बाई जणू येऊन बसली.

गाणं संपलं. चौगुले ताडकन उभे राहिले.

“बघा! इथं नुसता मध. हीच जोडी, हीच तबकडी घरी लावली की भुंकतात. सतरा वेळा असंच झालं. तुम्ही इथं काहीतरी करता, चाचा.”

“करतो की.”

“काय?”

“रोज दुपारी त्यांच्यासमोर झोपतो.”

“चाचा!”

“बरं… घरात समोर काय काय ठेवलंय?”

आता मात्र चौगुल्यांची छाती फुगली. हे विचारावं असं त्यांना चार वर्षं वाटत होतं.

“काही नाही! सगळं काढलं. पेटी आणि कान यांच्या मधे काही नको, असं वाचलं होतं मी. आधी सोफा काढला. मग पडदे. मग आईच्या गाद्या-लोड. गालिचा. झोपाळा. नुसती चकचकीत ग्रॅनाइटची फरशी ठेवलीय, समोर काचेची भिंत. मापं घेऊन फरशीवर ऑइलपेंटनं फुली मारलीय. फुलीवर एक लाकडी खुर्ची. खुर्चीवर मी.”

“आणि घरची माणसं?”

“त्यांनाही काढलं. म्हणजे… मी ऐकत असताना हॉलमध्ये यायचं नाही. शिंकायचंसुद्धा नाही.”

“मग भुंकायला लागल्या?”

“जितकं काढलं तितक्या जास्त!”

चाचांनी डिंकाचं झाकण लावलं. खुंटीवरची टोपी घेतली.

“चला.”

“कुठं?”

“तुमच्या घरी.”

चाचा गिऱ्हाइकाच्या घरी कधीच जात नसत. आणि आज… आज नेमकं घर बघण्यासारखं नव्हतं.

हे चौगुल्यांनी गाडीत सांगितलं, तेही अर्धंमुर्धं. लेक मृदुला बाळंतपणाला आली होती. आज तिच्या मुलीचं बारसं. त्रिशलावहिनी म्हणाल्या, बारसं हॉलमध्ये. चौगुले म्हणाले, हॉल सोडून कुठंही. दोन दिवस वाद झाला. शेवटी वहिनींनी जयसिंगपूरला भावाला फोन केला. अकरा वाजता टेंपो निघणार होता. त्यात गाद्या, पाळणा, भांडी, बायका, आणि मृदुला बाळाला घेऊन. ती जाताना म्हणणार होती ते तिनं सकाळीच सांगून ठेवलं होतं: ज्या घरात माझ्या मुलीचा पाळणा टांगायला जागा नाही, त्या घरात ती रांगायलाही येणार नाही.

“मग तुम्ही काय म्हणालात?” चाचांनी विचारलं.

“मी म्हणालो, दोष सापडला की हॉल देतो. चार वर्षं थांबलात, आणखी थोडं…”

मागच्या सीटवर पेट्या पुन्हा पट्टा लावून निमूट बसल्या होत्या.

घरी पोचले तेव्हा पावणेअकरा झाले होते. टेंपो दारातच. निम्मा भरलेला. गाद्यांच्या गुंडाळ्या, पाळणा, गोधड्या, झाकलेलं मोठं पातेलं. ओसरीवर वीस-पंचवीस बायका नटून उभ्या. चौगुल्यांना बघून सगळ्या एकदम गप्प झाल्या, म्हणजे बोलणं कुणाबद्दल चाललं होतं ते कळलंच.

“आला का तुमचा कान तपासून?” त्रिशलावहिनी म्हणाल्या.

“चाचा आलेत. पाच मिनिटं दे.”

“मी चार वर्षं दिली. टेंपोवाला पाचच देईल.”

चाचा चपला काढून हॉलमध्ये गेले. मोठा थोरला हॉल. भिंतीलगत चौतीस पेट्या, देवळातल्या मूर्तींसारख्या रांगेत. मधे लखलखती फरशी, तिच्यावर लाल फुली, फुलीवर खुर्ची. बाकी माशीसुद्धा नाही.

चाचा मधोमध उभे राहिले. त्यांनी एकदाच टाळी वाजवली.

टाळी काचेवर गेली, फरशीवर आली, छताला लागली आणि खणखणत परत आली. एक टाळी, पण हॉलनं चार वाजवल्या.

“ऐकलंत?”

“काय?”

“हेच ऐकताय तुम्ही चार वर्षं.”

“चाचा, मी कोड्यात बोलायला आणलं नाही तुम्हाला! दोष शोधा. कागद गेला असेल तर बदला. काय लागेल ते करा, पण आत्ता करा.”

चाचांनी मान हलवली. गाडीतून अठरावी जोडी आत आणायला लावली. एका पेटीचं कापड सोडवलं. खिशातून ब्लेड काढलं आणि त्या पातळ कागदाच्या कडेला टेकवलं.

“फाडू?”

“थांबा!”

चौगुल्यांनी त्यांचं मनगट धरलं.

“साठ वर्षांचा कागद आहे, चाचा. असा आता होत नाही.”

“म्हणजे दोष कागदात न्हाई?”

“नाही…”

“चुंबकात?”

“नाही.”

“लाकडात?”

“नाही.”

“मग राहिलं कोण?”

बाहेर टेंपोवाल्यानं हॉर्न दिला. मृदुला बाळाला घेऊन पायऱ्या उतरत होती. चौगुल्यांना दारातून तिची पाठ दिसली, आणि खांद्यावरून बाळाची लोकरी टोपी. त्यांनी हाक मारायला तोंड उघडलं.

“चाचा… काहीतरी करा.”

“सांगतो ते एक तासभर ऐकाल?”

“ऐकतो.”

“मधे बोलणार न्हाई?”

चौगुल्यांनी ओठ मिटले. घरातल्या कुणी हे याआधी पाहिलं नव्हतं.

चाचा ओसरीवर गेले आणि भजनी मंडळाला शोभेल अशा आवाजात ओरडले, “वैनी! टेंपो उतरवा. गाद्या सगळ्या आत. पाळणा त्या काचेपुढं. पडदे कुठं ठेवलेत?”

“माळ्यावर,” वहिनी म्हणाल्या. चार वर्षं त्या प्रश्नाची वाट बघत असल्यासारख्या.

मग जे झालं ते बघवत नव्हतं. चौगुल्यांना तरी. ग्रॅनाइटवर गाद्या पडल्या. काचेवर पडदे चढले, एक उलटा. पेट्यांवर कुणी पर्स ठेवली, कुणी पदर सारखा करायला टेकलं. सतराव्या जोडीवर आरतीचं ताट आलं. चौगुल्यांचे हात दोनदा पुढं झाले आणि दोनदा मागं गेले. वचन दिलं होतं ना.

बायका बसल्या. व्याहीमंडळी जयसिंगपूरऐवजी इकडंच आली. पोरंटोरं मांड्यांवर चढली. व्याह्यांच्या वृद्ध आत्याबाई, अंगानं भरभक्कम, सगळीकडं नजर फिरवून नेमक्या त्या खुर्चीवर जाऊन बसल्या. लाल फुलीवर.

“कुणाची खुर्ची ही? बरी आहे,” आत्याबाई म्हणाल्या. “पण उशी नाही काय?”

त्यांना उशी दिली गेली.

चाचांनी अठराव्या जोडीच्या तारा जोडल्या आणि तबकडी लावली.

बाईनं श्वास घेतला.

तो श्वास चौगुल्यांना दारातून ऐकू आला. मग पहिला सूर… दोन पेट्यांच्या मधोमध, पाळण्याच्या जरा वर. भुंकणं नाही, खणखणाट नाही. बाई हॉलमध्ये आली होती, पन्नास माणसांतून वाट काढून. मृदुलानं मान वर केली. बाळ रडता रडता थांबलं.

चौगुल्यांचे डोळे भरून आले. चार वर्षांत पहिल्यांदा, आपल्या घरात!

“कोण गातीय ही?” आत्याबाईंनी मोठ्यानं विचारलं. “गोड आहे. पण पाळणा म्हणायला सांगा की तिला.”

“अहो आत्याबाई, ती तबकडी आहे,” वहिनी म्हणाल्या.

“असू दे. सांगून बघायला काय जातंय?”

आणि बायका हसल्या, कुणीतरी पाळणा सुरू केला, भैरवीच्या अंगावरूनच. कुणी जोडव्यांबद्दल बोलत होतं, कुणी मिरच्यांच्या लोणच्याबद्दल. एका पोरानं पेटीच्या कापडाला कान लावला होता.

चौगुल्यांच्यानं राहवेना. ते गर्दीतून वाट काढत चाचांपर्यंत पोचले. चाचा एका लोडाला टेकून, वाटीतल्या घुगऱ्या खात बसले होते.

“चाचा! सापडला. आवाज सापडला! पण आता यांना जरा गप्प करा. आणि आत्याबाईंना उठवा तिथनं.”

“त्या उठल्या की तोबी उठतो.”

“म्हणजे?”

“उठवून बघा.”

चौगुल्यांनी आत्याबाईंकडं बघितलं. त्यांना उठवायला दोन माणसं लागली असती. सगळ्या गाद्यांकडं बघितलं, पडद्यांकडं, मांड्यांवरच्या पोरांकडं. टाळीचा तो खणखणाट यांनीच शोषून घेतला, असं काहीतरी उमगल्यासारखं झालं आणि त्यानंच ते आणखी चिडले.

“म्हणजे ही सगळी बसली तरच पेट्या वाजणार? आणि ही सगळी बसली की गोंगाट! चार वर्षं मी वणवण केली, चाचा. अठरा जोड्या जमवल्या. आज पहिल्यांदा घरात आवाज लागला, तर माझ्याच घरात मला टेकायला वीतभर जागा नाही. मी कुठं बसू? मी कसं ऐकू?”

चाचांनी रिकामी वाटी त्यांच्या हातात दिली.

“ऐकायला गाद्या हायत की, अण्णा. तुम्ही घुगऱ्या वाटा.”