उतारावरच्या तुरुंगाचा पहारा

त्या राज्यात गुन्ह्यांचे प्रकार थोडे होते आणि गुन्हेगार पुष्कळ. दरबार टेकडीच्या माथ्यावर भरे. उताराच्या पार तळाशी, जिथे ऊन जेमतेम पोहोचे, तिथे दगडी तुरुंग होता. सशांनी राजाच्या कुरणात तोंड घातलं की त्यांची रवानगी तिथे होई. सशांच्या शेजारच्या कोठडीत सगुणा नावाचं खवल्या मांजर होतं. राजाच्या कोठाराला लागलेली वाळवी खायला तिने खालून भुयार खणलं होतं. वाळवी कोठार पोखरत होती, ही गोष्ट न्यायाच्या वेळी कुणी विचारात घेतली नाही.

तुरुंगाची मुख्य पहारेकरी होती भिवरा नावाची साळू. तिच्या हाताखाली पूर्वी मुंगसांची मोठी तुकडी असे. पुढे काही मुंगूस राजाच्या मिरवणुकीसाठी वर बोलावले गेले, काही म्हातारे झाले, आणि त्यांच्या जागी कुणी आलं नाही. शेवटी दोनच उरले. नियम मात्र जुनाच राहिला: दोन पहारेकरी दाराशी असल्याशिवाय कोठडी उघडायची नाही. किल्ली घेऊन भिवरा आणि पहाऱ्याला दोघेही कोठडीपाशी गेले, तर तुरुंगाच्या वेशीवर कुणी उरत नसे. म्हणून कोठड्या उघडणंच बंद झालं. कैदी बाहेर येईनात, म्हणून गटार उपसलं जाईना. ते तुंबलं, आणि त्यातलं पाणी विहिरीत पाझरू लागलं.

भिवरा टेकडी चढून मोराकडे गेली. तुरुंगाचा कारभार त्याच्याकडे होता.

"सरकार, आणखी थोडे मुंगूस हवेत. घाण विहिरीपर्यंत आली आहे."

"तुझ्या अंगावर एवढे काटे असताना तुला मुंगूस कशाला लागतात?" मोर म्हणाला. तो थट्टा करत नव्हता. त्याला खरोखरच तसं वाटत होतं.

भिवरा परतली तेव्हा सशांच्या कोठडीत तापाची साथ सुरू झाली होती. दरबारचा वैद्य बगळा तपासायला आला. पाय मळतील म्हणून तो वेशीच्या भिंतीवरच उभा राहिला.

"यांना स्वच्छतेची सवय नाही," तो म्हणाला. "रोज आंघोळ करायला सांग."

"कुठल्या पाण्याने, वैद्यबुवा?"

"विहीर आहे ना?" असं म्हणून तो उडून गेला.

दोन ससे दगावले. मग एके सकाळी एक मुंगूस ताप चढून पायरीवर बसला तो उठलाच नाही, आणि दुपारी दुसराही त्याच्या शेजारी आडवा झाला. पहारेकरीही त्याच विहिरीचं पाणी पीत होते. भिवरा एकटी अंगणात उभी राहिली. आयुष्यात तिने नियम कधी मोडला नव्हता, आणि तो पाळायला आता पहारेकरीच उरले नव्हते.

"भिवराबाई," गजांमागून सगुणा म्हणाली, "तुमचे मुंगूस पाणी मागतायत. तुम्ही पाणी आणायला ओढ्यावर गेलात तर मागे कोण बघणार? मला सोडा. गटारही मी मोकळं करते."

"आणि पळालीस तर?"

"तर तुम्हाला एक तोंड कमी."

भिवराने बराच वेळ विचार केला आणि दार उघडलं. मग सशांचंही उघडलं. एक तरुण ससा तडक वेशीबाहेर धावला आणि झुडपांत दिसेनासा झाला. ती त्याच्याकडे बघत राहिली. मागे गेली नाही. बाकीचे थांबले. काहींना पळण्याइतकी ताकद नव्हती, आणि काहींचं कुणीतरी आत तापाने फणफणत होतं. सगुणाने पंजांनी गटार उपसून त्याचा लोंढा विहिरीपासून दूर वळवला. ससे वरच्या ओढ्यातून पाणी आणू लागले. त्यांनी जुनं गवत जाळलं आणि नवं अंथरलं. दगावणं थांबलं. आजारी हळूहळू बरे होऊन उठू लागले, पण तोवर भिवराला ताप चढला होता. तिला मुंगसांच्या शेजारी गवतावर निजवलं. सगुणा तिच्या तोंडात थेंब थेंब पाणी सोडायची. ज्यांना आपण कोंडलं त्यांच्या हातून पाणी पिताना भिवराला आधी लाज वाटली. नंतर तहान लाजेपेक्षा मोठी झाली.

अशात मोर पाहणीला आला. बरोबर बगळा होता. दोघे वेशीच्या आत चार पावलं आले आणि थांबले. अंगण झाडलेलं होतं. काहीजण पाणी वाहत होते, काहीजण आजाऱ्यांना उठवून बसवत होते. तिघे गवतावर पडून होते, आणि अंगावरच्या पांघरुणामुळे त्यांच्यातलं कोण कोण ते कळत नव्हतं.

"पहाऱ्यावर कोण आहे?" मोराने विचारलं.

सगुणाने भिवराकडे पाहिलं. भिवराने मान उचलायचा प्रयत्न केला. खरं सांगितलं तर हे सगळे पुन्हा गजांआड जातील आणि मुंगूस पुन्हा पायरीवर पाण्यावाचून पडून राहतील, हे तिला दिसत होतं. तिने डोळे मिटून घेतले.

"जे उभे आहेत ते सगळे, सरकार," सगुणा म्हणाली.

मोराने उभ्या असलेल्यांवरून नजर फिरवली आणि समाधानाने मान डोलावली.

"एवढे पहारेकरी असताना ती साळू आणखी मागत होती," तो बगळ्याला म्हणाला. मग गवतावर पडलेल्यांकडे त्याने चोच वळवली. "आणि हे कैदी बघ कसे लोळतायत. यांना उठवून कामाला लावायला सांग."

दोघे उतार चढून निघाले. सगुणा त्यांना पोहोचवायला वेशीपर्यंत गेली आणि अदबीने वाकली. मग मागे फिरून तिने वेशीची दोन्ही दारं आतून ओढून घेतली आणि आगळ घातली.