पडलेला माड आणि भुकेला हत्ती

फार पूर्वी शूर्पारक नगरात सुबाहू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने हत्तीचा जन्म घेतला होता. राजाचा, झूल पांघरून मिरवणारा हत्ती नव्हे, तर कुंभक शेठच्या माडबागेत ओझी वाहणारा साधा हत्ती. शेठ वाढलेले माड मुळांसकट खणून विकत असे आणि हत्ती ते गिऱ्हाइकाच्या दारापर्यंत नेऊन देत असे. त्या बागेत एक रीत होती. वादळाने पडलेला माड सूर्यास्तापर्यंत विकला गेला नाही तर तो हत्तीचा. ही रीत शेठच्या वडिलांनी घालून दिली होती आणि शेठ कितीही चिक्कू असला तरी ती पाळत असे.

माडाचा गाभा हत्तीला किती आवडतो ते हत्तीलाच विचारावे. शेंड्यात, झावळ्यांच्या मुळाशी दडलेला पांढरा, गोड, कुरकुरीत कोंब! पण तो खाल्ला की माड संपतो, कारण माडाला दुसरा शेंडा फुटत नाही. म्हणून बोधिसत्त्व उभ्या माडाला कधी तोंड लावत नसे. वर्षानुवर्षे तो वाळका पाला चघळत आला होता.

एका वर्षी समुद्रावरून भयंकर वादळ आले आणि बागेतला सर्वांत उंच माड मुळांसकट उपटून आडवा झाला. झावळ्या फाटून लोंबू लागल्या, खोड एका बाजूने खरवडले गेले. वारा थांबल्यावर शेठने सकाळीच ओरडायला सुरुवात केली, “अर्ध्या किमतीत! उंच माड अर्ध्या किमतीत!” लोक येत, चुकचुकत आणि निघून जात. बोधिसत्त्वाने मात्र शेंड्याशी सोंड नेऊन एकदाच हुंगले आणि त्याला सगळे कळले. गाभा ताजा होता. मग काय विचारता! त्याचे कान फडफडू लागले, तोंडाला पाणी सुटले, आणि दिवसभर तो घडीघडी मान वर करून सूर्य कुठवर आला ते पाहत राहिला.

ऊन कलले तेव्हा सोणा नावाची कोळीण आपल्या दिराला, गोदत्तला, घेऊन बागेत आली. खाडीच्या तोंडाशी वाळूच्या पट्टीवर त्यांची वस्ती होती. तिथला एकुलता एक माडही त्याच वादळात समुद्राने नेला होता. खाडीत शिरताना दोन्ही बाजूंना पाण्याखाली खडक होते, आणि तो माड बरोबर समोर धरला तरच होडी सुखरूप आत येई. सोणाचा नवरा विशाख वस्तीतल्या पुरुषांसह सुकी मासळी घेऊन दूरच्या किनाऱ्याला गेला होता. वारे फिरले की ते सगळे परतणार होते.

“हाच घेऊ या, भाऊजी!” सोणा माडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावली. “केवढा उंच आहे बघा तरी! पार बाहेरच्या पाण्यातून दिसेल!”

“वहिनी, हे मढं आहे,” गोदत्त म्हणाला. “शेंडा मेलेला असला तर वारे फिरायच्या आत झावळ्या गळतील आणि नुसती काठी उरेल. किनाऱ्यावर काठ्या काय कमी आहेत? होड्यांच्या डोलकाठ्या आहेत, जाळी वाळवायच्या आहेत. त्यातली आपली कोणती, ते त्यांना लांबून कसं कळायचं? तुमच्या पाटल्या मात्र जातील.”

“अहो, जिवंत आहे माड!” शेठ म्हणाला.

“शेठ, तुम्ही विकणारे. तुम्ही दुसरं काय म्हणणार?”

सोणाने हातातल्या पाटल्यांकडे पाहिले. धड माड घेण्याइतकी तिची ऐपत नव्हती आणि रोपटे समुद्रातून दिसणार नव्हते. ती माघारी वळली. “चला,” ती म्हणाली, आणि तिला रडू फुटले. “पण मग ते आत येतील कसे हो?”

बोधिसत्त्वाने हे ऐकले. सूर्य पाण्याला टेकायला आला होता. थोडा वेळ गप्प राहिले की झाले, माड त्याचा होता. यात खोटे बोलायचेही नव्हते, कारण त्याला कोणी काही विचारलेच नव्हते. त्याने एकवार शेंड्याचा वास भरभरून घेतला आणि मग तो मोठ्याने म्हणाला, “बाई, थांबा! माड जिवंत आहे. घ्या तुम्ही!”

“शेठचाच हत्ती तू,” गोदत्त म्हणाला. “धन्याचीच री ओढणार.”

“विकला गेला नाही तर तो मला खायला मिळतो. विचारा शेठना.”

शेठने नाइलाजाने मान हलवली. सोणाचे डोळे एकदम चमकले. “भाऊजी, ज्याच्या तोंडचा घास जातोय तोच घ्या म्हणतोय! आणखी कुणाचा शब्द हवा तुम्हाला?” आणि तिने पाटल्या उतरवल्या.

शेठ मोठा बिलंदर. “माड जिवंत आहे म्हणता? मग अर्ध्या किमतीत का द्यायचा?”

तेव्हा बोधिसत्त्व शांतपणे खाली बसला. “मालक, सकाळपासून किंमत तुम्हीच ओरडून सांगत होता. ती आता वाढवायची असेल, तर माड तुम्हीच उचलून न्या.” शेठने त्या अवाढव्य माडाकडे पाहिले, मग हत्तीकडे पाहिले, आणि त्याला स्वतःचेच हसू आले. त्याने ठरल्या किमतीत माड दिला.

“एक करा,” बोधिसत्त्व माड बांधणाऱ्यांना म्हणाला, “शेंडा माझ्या शेपटीकडे ठेवा. तोंडाकडे नको.”

वाळूच्या पट्टीवर माड उभा राहिला. सोणा रोज दुरून गोडे पाणी वाहून आणून त्याला घालू लागली. हळूहळू जुन्या झावळ्या एकेक करून सगळ्या गळाल्या, आणि वस्ती तिला हसू लागली. सोणा घाबरली, रात्र रात्र जागी राहिली, पण पाणी घालायची थांबली नाही. एके सकाळी शेंड्यातून हिरवी सुई वर आलेली दिसली. “आली! आली!” तिने साऱ्या वस्तीला गोळा केले आणि सगळ्यात उंच उडी गोदत्तने मारली. सुईचे पान झाले, त्यामागून आणखी पाने आली.

मग वारे फिरले. क्षितिजावर शिडे दिसली, रांगेने वळली आणि खडकांमधून एकामागून एक आत आली. एकही होडी मागे राहिली नाही. विशाख वाळूवर उतरला आणि म्हणाला, “लांबून माड दिसला. आम्हाला वाटलं, वादळ इकडे आलंच नाही.” सोणाने हातातली घागर माडाच्या मुळाशी रिकामी केली.

ही कथा सांगून भगवान शास्त्यांनी जमलेल्या भिक्षूंना पूर्वजन्माची ओळख पटवली, “त्या वेळची सोणा म्हणजे आज संघाला पाणी वाढणारी ही उपासिका अनुला. तेव्हाचा कुंभक शेठ म्हणजे मागे बसून हसणारा गृहपती पुण्णक. प्रत्येक गोष्टीवर शंका काढणारा आपला भिक्षू भद्दक, तोच गोदत्त होता. आणि तो हत्ती मीच होतो. भिक्षूंनो, खोटे न बोलणे ही सत्याची केवळ सुरुवात आहे. गप्प राहिल्याने आपले पोट भरणार असतानाही जे बोलायला हवे ते बोलणे, ही सत्यपारमिता, सत्याची परिपूर्णता.”