उमाळे वकिलांचा दगड

कवठतळीच्या तळ्यावर आलात, तर पायऱ्यांच्या डाव्या अंगाला एक लांबट काळा दगड दिसेल. त्याच्या एका टोकावर कुणी बसत नाही. दुसऱ्या टोकावर मात्र तळ्यावर येणारी प्रत्येक बाई घटकाभर टेकते. माझं कापडाचं दुकान अगदी समोर, त्यामुळे पाहुणे मलाच विचारतात, "शेठ, हा कुठला नवस?" मी म्हणतो, बसा, चहा येतोय, तोवर सांगतो.

फार जुनी गोष्ट. इथं त्र्यंबकराव उमाळे नावाचे वकील होते. ते बोलायला उभे राहिले की मुन्सफसाहेब पंखा ओढणाऱ्याला हात थांबवायला सांगत, म्हणे. तेव्हा गाव वरच्या ओढ्याचं पाणी पीत असे. गावच्या मालगुजाराला, म्हणजे जमीनदाराला, तो ओढा आपल्या संत्र्याच्या बागेसाठी हवा होता, म्हणून त्यानं कोर्टात दावा लावला. ओढ्यावर गावाचा हक्क सांगणारा एक जुना कागद त्याच्याच दप्तरात निघाला. त्र्यंबकराव त्याचे वकील. त्यांनी तो कागद आपल्या पेटीत घातला आणि कोर्टापुढे येऊच दिला नाही. दावा जिंकला. ओढ्याला बांध पडला.

पुढे हेच त्र्यंबकराव नगराध्यक्ष झाले. शाळा बांधली, दवाखाना आणला, रस्त्यांवर कंदील लावले. गाव खूश. मग लागोपाठ दोन वर्षं दुष्काळ पडला, ओढा गेल्यावर उरलेली गावची एकुलती विहीरही आटली आणि बाया दोन कोसांवरून पाणी आणू लागल्या. त्र्यंबकरावांच्या दारावरून जाताना भागिरथा कोळीण थांबली नि म्हणाली, "साहेब, कंदील लावले ते लई बरं केलं. कोरडी विहीर आता लांबूनच दिसते."

असे सांगतात, की दुसऱ्या दिवशी ते काळा कोट न घालताच कोर्टात गेले. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहिले आणि कागद पुढे केला. "हा मी दडवला होता."

मुन्सफसाहेब म्हणाले, "उमाळे, शुद्धीवर आहात ना? सनद जाईल तुमची."

"जाऊ द्या. पाणी येऊ द्या."

सनद गेली, अध्यक्षपदही गेलं. बांध मात्र कोर्टाच्या हुकमानं फोडला गेला. ओढ्याचं पाणी साठवायला जागा हवी होती, ती त्यांनी आपल्या मळ्यातून दिली. तेच हे तळं.

गाव पाणी पिऊ लागलं, पण त्यांच्या घराची पायरी कुणी चढेना. मालगुजाराची माणसं त्यांना फितूर म्हणत. गावातले म्हणत, "आणलं त्यानं, खरंय. पण तोडलं होतं कुणी?" बायको आधीच वारलेली, मूलबाळ नाही. रोज संध्याकाळी ते या दगडावर येऊन बसत. अर्धा दगड मोकळा ठेवत आणि पाण्याला येईल त्याला म्हणत, "टेका घटकाभर, मग उचला घागर." उत्तर ठरलेलं असे. "घाई आहे, वकीलसाहेब." अशी सात वर्षं गेली, म्हणे.

एका संध्याकाळी नेहमीसारख्या बाया आल्या, घागरी भरल्या, सवयीनं "घाई आहे, वकीलसाहेब" म्हणत एकामागून एक निघून गेल्या. पंधरा-वीस जणी तरी असतील. शेवटी भागिरथा आली. तीही तेच म्हणाली, चार पायऱ्या चढली आणि थबकली. आज यांनी विचारलंच नव्हतं. ती मागे वळली. त्र्यंबकराव बसल्या जागीच गेले होते, कधीचेच.

भागिरथेनं घागर खाली ठेवली आणि मोकळ्या टोकावर बसली. घरची माणसं तिला शोधत आली, तरी उठेना. "आता कसली घाई," एवढंच म्हणाली.

आजही हे चालूच आहे. घरोघरी नळ येऊन पंधरा वर्षं झाली, तळ्याचं पाणी भांडी घासायलासुद्धा कुणी नेत नाही. तरी पाच-सहाच्या सुमाराला बाया रिकाम्या हातांनी येतात. टेकतात. शेजारच्या टोकाकडे बघून गुडघ्याचं दुखणं सांगतात, मुलाचं पत्र आलं नाही म्हणतात. बोलून झालं की पदर सावरत उठतात, आणि दगडाला म्हणतात, "येते हं, वकीलसाहेब."