ओर्सोलाची दोरी

पाहुणे, एक सांगा : विश्वास कुणावर ठेवावा, माणसावर की मापावर? शाळा मी चारच इयत्ता शिकलो, पण या इटालियन शहरात वीस वर्षं हळद विकतोय. तराजूवर टेकलेला अंगठा मला लांबून दिसतो. तरी या किल्ल्यातली दोरी मलाही फसवून गेली असती.

आता इथे संग्रहालय आहे. चिलखतं, तलवारी सगळं नंतर बघा. आधी या अंगणात थांबा. हा कोरडा हौद आणि ही गाठी मारलेली दोरी; तळापर्यंत सोडायची, जितक्या गाठी भिजतील तितकं पाणी.

असं सांगतात की, फार पूर्वी शत्रूने किल्ला वेढला. एका चकमकीत बाल्दो नावाच्या शिपायाच्या हातून शत्रूच्या सरदाराचा मुलगा मारला गेला होता. शत्रूचा निरोप आला, "बाल्दोला द्या, बाकीच्यांना जिवंत सोडतो." किल्लेदार म्हणाला, "हौदात तीन गाठी पाणी आहे तोवर आपला माणूस देणार नाही."

हौदाची किल्ली बाल्दोच्या बहिणीकडे, ओर्सोलाकडे. रोज सकाळी ती एकटीच खाली उतरायची आणि भिजलेली दोरी वर आणून दाखवायची. तिच्या शब्दावर अख्खा किल्ला निर्धास्त होता.

पाणी तीन गाठींच्या खाली गेलं, तेव्हा म्हणे तिने आपल्या वाट्याचं तांब्याभर पाणी दोरीवर ओतलं. पाच गाठी ओल्या. लोक म्हणाले, "अजून पुष्कळ आहे!" आणि कुणी हात आखडला नाही. तिथून नवव्या दिवशी हौदाचा तळ लागला. त्यानंतर तहानेने सात लेकरं गेली.

तरी आपल्या वाट्याच्या राखून ठेवलेल्या पाण्याने ती दोरी भिजवतच होती, तळाशी पाणी पुन्हा झिरपतंय असं सांगत होती. बाल्दोने तिला पायऱ्यांवर गाठलं.

"ताई, हे पाणी कुणाच्या तोंडचं?"

"माझ्या. तुझ्यासाठी तहानलेली राहिले, त्यात कुणाचं काय गेलं?"

"वर जाऊन त्या सात आयांना विचार."

त्याने सगळ्यांना दोरीचं खरं सांगितलं आणि स्वतःच दरवाजा उघडून शत्रूकडे गेला. परत आला नाही; वेढा मात्र उठला.

ओर्सोलाला कुणी मारलं नाही. तिच्या हाती दोरी दिली, आणि म्हातारी होईतो रोज सगळ्यांदेखत पाणी मोजायला लावलं. मला विचाराल तर फाशी परवडली असती.

आजही संग्रहालयाचं दार उघडलं की रखवालदारीण हौदात दोरी सोडते, दुसरं टोक एखाद्या पाहुण्याच्या हाती देते, आणि मोठ्याने सांगते, "कोरडी." काल मी धरली होती. आज तुम्ही धरा. आणि घरी गेल्यावर कधी चार जणांच्या वाट्याचं काही तुमच्या हाती आलं, तर बाबांनो, हिशेब खरा ठेवा. आपल्या माणसासाठीसुद्धा दोरी भिजवू नका.