आवडाबाईंचं बिनछपराचं घर

इथं सावलीला बसा, मंडळी. समोर भिंती दिसतात ना, ते पडकं घर नव्हे. ते कधी पुरं झालंच नाही. कमानी झाल्या, जिना चढला, आणि छपराविना राहिलं ते राहिलंच.

सरदार हैबतरावांनी हे घर बायकोसाठी बांधायला काढलं, असं सांगतात. आवडाबाईंना दमा होता. माळावरच्या वाऱ्यानं बरं वाटेल, म्हणून जागा ही धरली. भिंती उभ्या राहिल्या आणि पावसानं दडी मारली. खाली आमच्या धामणवाडीची विहीर आटली. छताचा चुना मळायला मात्र पाणी हवंच. दावल पखालजी रेड्यावर कातडी पखाल लादून डोहातलं उरलंसुरलं पाणी रोज वर आणायचा. वाटेत बाया रिकाम्या घागरी घेऊन उभ्या असायच्या. त्यातली एक म्हणाली म्हणे, "दावलचाचा, भिंतींची तहान भागली की आमच्या पोरांचंही बघा हो!"

घर बघायला आलेल्या आवडाबाईंनी ते ऐकलं. मेण्यातून उतरून त्या रेड्यापुढं उभ्या राहिल्या.

"पखाल सोड, दावल."

"सरकार माझंच कातडं काढतील, बाईसाहेब."

"घर कुणासाठी? माझ्यासाठी ना? मग पाणीही माझं. सोड."

घागरी भरल्या. हैबतराव संतापले. तेव्हा बाईंनी भिंतीवर हात ठेवून शपथ घेतली. गावाची विहीर भरेपर्यंत या घराला थेंब नको, आणि तोवर मीही कुठल्या छपराखाली जाणार नाही. त्या या उघड्या भिंतींतच राहिल्या. दमतील आणि येतील परत, असं हैबतरावांना वाटलं. बाई हलल्या नाहीत. पखाल रोज गावात रिकामी होऊ लागली.

शेवटी पाऊस आला. हैबतराव धावत वर आले, अंगावरचा शेला बाईंच्या डोक्यावर धरला, घरी चला म्हणून हात जोडले. बाईंनी शेला बाजूला केला. धाप लागली होती, तरी एवढंच विचारलं, "विहीर भरली?"

भरली नव्हती. बाई भिजत राहिल्या. विहीर काठाला आली तेव्हा सांगायला माणूस धावला, पण ऐकायला त्या उरल्या नव्हत्या.

गवंडी पुन्हा कामाला आले. हैबतराव त्यांना म्हणाले, "आता छप्पर कुणावर घालता?"

आजही धामणवाडीत कुणी घर बांधलं, तर छपराच्या कामाचं पाणी आधी शेजाऱ्यांच्या भांड्यांत पडतं. परवा आमच्याकडं स्लॅब होता. टँकर दारात उभा, गवंडी कुरकुरत होता. माझी सून त्याला म्हणाली, "थांबा हो जरा. त्यांचं भरू दे."