सरासरी माणसाची सही

माझ्या शेवंतीताईला कॅन्सर कशानं झाला? डॉक्टरांना विचारलं, अणुवीज प्रकल्पाच्या साहेबांना विचारलं. शेवटपर्यंत कळलं नाही.

तिचं तेरावं होऊन आठवडा झाला आणि साहेब आमच्या खारवीवाडीत सभेला आले. म्हणाले, "किरणोत्सारासाठी बाजारातले मासे तपासले. सरासरी माणूस आठवड्याला दोनदा मासे खातो. त्याला काही धोका नाही. तपासणी पुरी झाली, सरपंच, सही करा."

सरपंचांनी पेन उचललं. मी ओरडलो, "थांबा काका! साहेब, हा सरासरी माणूस कुठल्या वाडीचा?"

"अरे, तो खरा नसतो. हिशेबापुरता धरतात."

"मग सहीसुद्धा त्याचीच घ्या! आमचा मासा बाजारात जातो. आम्ही घरी रोज कालवं खातो, तुमचं गरम पाणी समुद्रात सुटतं तिथल्या खडकांवरची. ती तपासलीत?"

साहेबांनी सगळे कागद चाळले. कालवं कुठंच नव्हती. सरपंचांनी पेन खाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला ताईच्याच कोयतीनं मी ती रोज जायची त्या खडकावरची कालवं काढली आणि साहेबांनी तपासणीसाठी दिलेल्या बरणीत भरली. बरणीच्या चिठ्ठीवर खाणाऱ्याचं नाव मीच लिहिलं, शेवंती.