सरकणारी झोपडी

पुष्कळ जुन्या काळी, राजाची हद्द जिथे संपत असे तिथे एक नदी होती, आणि नदीपलीकडे नुसतं रान. राजाने दवंडी पिटवली, "जे कोणी नदीकाठी गाव वसवतील, तिथली जमीन त्यांची." मग काही कुटुंबं गाड्या जुंपून निघाली आणि नदीच्या अलीकडच्या काठावर येऊन थांबली.

त्यांच्यात एक तरुण आई होती. तिची मुलगी सगू, नुकतीच न पडता धावायला शिकलेली.

पहिली झोपडी त्यांनी पाण्याजवळ बांधली. पण आईला झोप लागेना. ती नवऱ्याला हलवून उठवी, "अहो, ऐकलंत का? पाणी चढतंय."

"अगं, मी घोरत होतो," नवरा म्हणे.

तरी झोपडी हलली. वर, करंजाच्या झाडाखाली गेली. हे हलणं शहाणपणाचं होतं, एवढं आधीच सांगून ठेवते. नदीचा काय भरवसा?

पण करंजाखाली साप दिसला. झोपडी आणखी वर, खडकापाशी गेली. तिथे वारा फार, सगूला खोकला झाला. मग आई टेकाडाकडे बघू लागली.

गाव हसे. शेजारीण विचारी, "वहिनी, आज मुक्काम कुठे? संध्याकाळी विरजण मागायला यायचंय, म्हणून विचारून ठेवते."

वस्तीत एक म्हातारी होती, सगळ्यांची आजी. ती मात्र हसली नाही. म्हणाली, "पोरी, पाण्यापासून हललीस ते बरं केलंस. आता कशापासून हलतेस?"

"ते नेमकं सांगता येत नाही, आजी. पण काहीतरी आहेच."

"असणारच. काहीतरी सगळीकडे असतं."

आईला ते पटलं. पटूनही तिचा जीव स्वस्थ बसेना. असं होतं कधीकधी.

एके दिवशी सगू पोरांबरोबर खेळायला गेली. तेवढ्यात हलवून घेऊ, पोर पायात येणार नाही, असं आईने ठरवलं. नवऱ्याने खांब उपसले, गाडीत टाकले. संध्याकाळच्या आत झोपडी टेकाडावर उभी राहिली. आई चूल मांडत होती, तोच ढग खाली उतरले. हातभर पलीकडचं दिसेना. वरच्या डोंगरांत पाऊस कोसळत होता आणि खाली नदी गढूळ होऊन चढत होती.

आई धावत शेजारणीकडे गेली. "सगू कुठाय?"

"पोरं तर केव्हाच आली. सगू तुमच्या घराकडे पळाली ना!"

"कुठल्या घराकडे?"



आई खडकापाशी गेली. तिथे खांबांचे रिकामे खड्डे होते, आणि चिखलात इवलीशी पावलं, उताराकडे गेलेली. ती करंजाखाली गेली. पावलं तिथे घुटमळली होती आणि पुन्हा खाली निघाली होती. आई ज्या वाटेने भिऊन वर चढत आली, त्याच वाटेने तिची लेक घर शोधत नदीकडे उतरली होती.

पहिल्या झोपडीच्या जागेवर पाणी शिरलं होतं. त्या पाण्यात सगू उभी होती, उपटता न आल्यामुळे राहून गेलेल्या एका खांबाला दोन्ही हातांनी मिठी मारून. पाणी तिच्या कमरेला लागलं होतं. आईने उडी घेतली आणि तिला ओढून वर आणलं.

सगू रडली नाही. तिने एवढंच विचारलं, "आई, घर कुठे गेलं? मी सगळीकडे बघितलं."

आईने तिला कडेवर घेतलं आणि टेकाडावर आणलं.

दुसऱ्या दिवशी तिने टेकाडावर दगड वाहायला घेतले आणि झोपडीला जोतं बांधलं. वस्तीतल्या इतरांनीही आपल्या गाड्या सामानासकट तयार ठेवल्या होत्या, न जाणो कधी निघावं लागेल म्हणून. त्यांनीही गाड्या रिकाम्या केल्या. टेकाडावर जोत्याला लागून जोतं उठलं. पुढे तिथे बाजार भरू लागला, खाली काठाला होड्या लागू लागल्या आणि वस्तीचं नगर झालं.

आईची भीती काही गेली नाही. रानात कोल्हे ओरडले की तिचा हात दोरखंडाकडे जाई. पण गाडी तिने पुन्हा जुंपली नाही.

आणि सगू? ती कितीतरी दिवस खेळता खेळता मधेच धावत यायची, दाराला हात लावून बघायची आणि पुन्हा खेळायला पळायची.

बोध इतकाच: भीतीपायी सारखं घर हलवल्याने धोका टळत नाही, लेकराची परतायची वाट तेवढी पुसली जाते.